साठी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन : घरच्या मोठ्या सोहळ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहरात आणि खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या तालुक्यांत आम्ही घरगुती सोहळ्यांची सगळी व्यवस्था पाहतो. आम्हाला फोन करणारी व्यक्ती बहुधा पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असते. आणि ज्यांच्यासाठी सोहळा करायचा ते आईवडील इथे शहापूरच्या किंवा वडगावच्या एखाद्या गल्लीत, या फोनाची काही कल्पना नसताना, चहा घेत बसलेले असतात. त्यामुळे पहिल्या फोनात विचारले जाणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले आहेत. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

वडिलांना न सांगता सगळे ठरवायचे आहे. ते जमेल का?

जमते, पण साठीच्या पुढच्या माणसासाठी आम्ही ते सुचवत नाही. शांत, म्हणजे त्या वयाला करायचा धार्मिक विधी, करायची असेल तर प्रश्नच उरत नाही, कारण संकल्प सोडायला यजमान म्हणून तेच पाटावर बसणार असतात आणि त्यांची औषधे, पथ्य, गुडघे यांचा विचार आधीच करावा लागतो. शांत नसली तरी आमचा अनुभव सांगतो. एका गृहस्थांना त्यांच्या पंच्याहत्तरीला “कोणाचे तरी लग्न आहे” असे सांगून कार्यालयात आणले होते. ते घरातल्या साध्या बुशशर्टात आले आणि पुढचे तीन तास सगळ्या फोटोंत आपली कॉलर नीट करत राहिले. आहेरापेक्षा त्यांना एकच गोष्ट लागून राहिली होती, “आधी सांगितले असते तर नेसरीच्या माझ्या मित्राला मी स्वतः बोलावले असते.” दोनशे माणसांच्या यादीत तो मित्र नव्हता, कारण मुलांना तो ठाऊकच नव्हता.

म्हणून आमची पहिली भेट शक्यतो उत्सवमूर्तींशीच असते. धक्का द्यायचाच असेल तर त्यातला एक भाग राखून ठेवावा, म्हणजे परदेशातला नातू किंवा शाळेतला सोबती ऐनवेळी दारात उभा करावा. सोहळ्याची कल्पना मात्र त्यांना असू द्यावी.

साठी शांत आणि सहस्रचंद्रदर्शन नेमके कोणत्या दिवशी करतात?

साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण होऊन जन्माचे संवत्सर पुन्हा येते, म्हणून साठीला महत्त्व आहे. त्या वेळी करतात ती उग्ररथ शांत, सत्तरीला भीमरथी, आणि पंच्याहत्तरीला ऐंद्री. दिवस शक्यतो जन्मतिथीचा किंवा जन्मनक्षत्राचा धरतात. इंग्रजी तारीख त्याच दिवशी येईलच असे नाही. पत्रिका छापताना एक गमतीची अडचण येते. १९६६ च्या गुढीपाडव्यानंतर वर्षभरात जन्मलेल्यांचे संवत्सर २०२६ च्या पाडव्याला परत येते आणि त्याचे नाव आहे ‘पराभव’. संकल्पात गुरुजी ते म्हणतील. निमंत्रणपत्रिकेवर केवळ शके १९४८ एवढेच छापावे, असे आम्ही सुचवतो.

सहस्रचंद्रदर्शनाचे गणित थोडे वेगळे आहे. ऐंशी वर्षांत नेहमीच्या पौर्णिमा ९६० होतात आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासांमुळे त्यांत एकोणतीस-तीस पौर्णिमांची भर पडते. रूढीने ऐंशी वर्षे आठ महिने पूर्ण झाल्यावर हा विधी करतात. काटेकोर मोजले तर हजारावी पौर्णिमा ऐंशी वर्षे दहा महिन्यांच्या आसपास येते. दोन्ही बाजूंनी वाद घालणारे काका प्रत्येक घरात असतात. आपल्या गुरुजींचा शब्द धरावा आणि कार्यालय त्यानंतरच नोंदवावे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा त्या काळातली तिथी येत असल्यास गुरुजींना आधी विचारणे बरे.

बेळगावात तारीख धरताना पंचांगाखेरीज काय पाहावे?

हा प्रश्न बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी अधिक विचारायला हवा, पण इथले दिवस विसरले गेलेले असल्यामुळे नेमका तोच राहून जातो.

१ नोव्हेंबर टाळावा. त्या दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाची, मोठी मिरवणूक असते, मराठी भाषक तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात, आणि बंदोबस्तामुळे मुख्य रस्ते बंद राहतात. आपले मत काहीही असो, वाटेत पाहुण्यांचीच अडचण होते. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. २०१२ मध्ये ती वास्तू सुरू झाल्यापासून त्या दिवसांत हॉटेलांच्या खोल्या आमदार, अधिकारी आणि पत्रकार यांनी भरलेल्या असतात. लग्नाच्या हंगामातली नेमकी हीच वेळ असल्यामुळे डिसेंबरासाठी खोल्या आधी आणि कार्यालय नंतर, असा उलटा क्रम ठेवावा लागतो. वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक या दोन्ही रात्रभर चालतात. त्या दिवशी मध्यवर्ती गल्ल्यांत जेवणाची गाडीसुद्धा शिरत नाही.

खेड्यातला सोहळा असेल तर ग्रामदेवतेच्या यात्रेचे वर्ष आहे का, हे गावातच विचारून घ्यावे. लक्ष्मीची यात्रा असलेल्या वर्षी घरोघरी पाहुणे आणि मटणाची जेवणे असतात. त्याच्या मागेपुढे ठेवलेल्या कार्यक्रमाला माणूस येतो, पण जेवायला उत्साह राहत नाही आणि आचारीही मिळत नाही.

उघड्यावर मंडप घालता येईल का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी निर्धास्तपणे घालता येतो, मात्र जानेवारीत संध्याकाळचा गारठा वयस्करांना बाधतो म्हणून दुपारचा कार्यक्रम ठेवावा. जून ते सप्टेंबर उघड्यावर काहीही करू नये. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तर अजिबात नको. खरी फसवणूक एप्रिल-मे महिन्यांत होते. दिवसभर ऊन असते, चारला ढग चढतात आणि वळीव येतो. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत खानापूर तालुक्यातल्या एका शेतघरात मे महिन्यात असाच मंडप कोसळला. कोणाला लागले नाही, कारण पाहुणे यायला अजून तासभर होता; पण रांगोळीवरून लाल पाणी वाहत गेले आणि पंगत गुरांच्या गोठ्यात बसवावी लागली. गोठा शेणाने सारवून, घोंगडी अंथरून घेतला होता, आणि त्या घरातल्या आजीबाईंना तोच भाग सर्वांत आवडला. तेव्हापासून मार्चनंतर पत्र्याचे छप्पर असलेली पर्यायी जागा ठरल्याखेरीज आम्ही मंडपाचा विसार देत नाही.

किती माणसे धरावीत?

आपल्याकडे आमंत्रणाचे प्रकार आहेत आणि संख्या त्यावर ठरते. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिले म्हणजे शहरात दोन-तीन माणसे येतात. गावाकडे चूलबंद आमंत्रण दिले तर त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, म्हणजे घरातले सगळे, त्यांच्याकडे आलेला पाहुणा आणि शेतावरचा गडीसुद्धा जेवायला असतो. यादीत प्रत्येक घरापुढे ‘एक’, ‘जोडी’ किंवा ‘चूलबंद’ असे लिहून आम्हाला द्यावे. मग बेरीज आम्ही करतो. ‘अंदाजे तीनशे’ असे सांगितलेला आकडा आजवर तीनशे निघालेला आम्ही पाहिलेला नाही.

जेवणात काय असावे?

शांतीच्या दिवशी दुपारचे जेवण सात्त्विक, यात बहुधा दुमत नसते. वरण-भात, तूप, मसालेभात, भरली वांगी, कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, पुरणपोळी आणि कटाची आमटी एवढ्यावर इथला माणूस समाधानी असतो. सोबत एका टेबलावर ज्वारीची भाकरी गरम करून दिली तर पन्नाशीच्या पुढचे बहुतेक पाहुणे तिथेच उभे दिसतात. कन्नड व्याही मंडळी असतील तर चित्रान्न आणि कोसंबरी ठेवावी, म्हणजे पानात त्यांचेही काही आले असे वाटते. मटणाचे जेवण हवे असेल तर ते दुसऱ्या दिवशी आणि शक्यतो घरी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला दोनशेच्या वर माणूस गेला की चव हमखास बिघडते, असे आमचे मत आहे, आणि निपाणीचे आमचे आचारी त्यावर दर वेळी नाराज होतात.

गोडात कुंदा सहज मिळतो. खरा मान मांड्यांचा, आणि मांडे मात्र आयत्या वेळी मिळत नाहीत. ते करणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. चुलीवर मोठे खापर पालथे घातलेले असते. करणारी बाई कणकेचा मऊ गोळा दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत ताणत नेते, इतका की आरपार तिची बांगडी दिसावी, आणि एका झोकात तो पदर खापरावर टाकते. क्षणभरात तो भाजतो, त्यावर पिठीसाखर आणि तूप पसरले जाते आणि गरम असतानाच त्याची चौकोनी घडी घातली जाते. गार झाल्यावर ती घडी मोडते, वळत नाही. पावसाळी हवेत मांडा दोन तासांत मऊ पडतो, म्हणून त्या महिन्यांत आम्ही त्याची मागणी घेत नाही. इतर वेळी किमान तीन आठवडे आधी सांगावे.

एक अट आमची आहे. उत्सवमूर्ती आणि त्यांच्या बरोबरीची मंडळी पहिल्या पंगतीत जेवतील, मग सत्कार कितीही राहिलेले असोत. भेटीला येणाऱ्यांची रांग संपेपर्यंत मधुमेही यजमान उपाशी राहिलेले आम्ही एकदा पाहिले आहे. दुपारी साडेतीनला त्यांना चक्कर आली. ती चूक आमचीच होती.

पत्रिका मराठीत छापावी की कन्नडमध्ये?

ज्यांचा सोहळा आहे त्यांच्या भाषेत, आणि ज्यांना बोलवायचे आहे त्यांना वाचता येईल अशी. बहुतेक घरांत आता याचा अर्थ दोन्ही भाषांत असा होतो, कारण सून धारवाडची असते, जावई बंगळुरात असतो आणि शेजारी तीस वर्षे कन्नडच बोलत आलेला असतो. मराठी मजकुराचे कन्नड भाषांतर मोबाइलवरून करून घेऊ नये. एका पत्रिकेत ‘साठी शांत’ या शब्दांचे यंत्राने असे काही केले होते की कन्नड वाचकाला ‘साठाव्या वर्षी शांत झाले’ असा अर्थ लागावा. मुद्रितशोधनात घरच्या सुनेने तो पकडला, नाहीतर लोक हार घेऊन आले असते, पण वेगळ्या कारणासाठी. कन्नड मजकूर त्या घराच्या व्याह्यांकडूनच लिहून घ्यावा. मजकूर नीट येतो आणि त्यांनाही सोहळ्यात वाटा मिळतो.

गल्लीत किंवा चौकात लावायच्या फलकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना महापालिकेची परवानगी लागते. फ्लेक्सचे फलक, प्लास्टिकच्या पताका, प्लास्टिकची व थर्मोकोलची ताटे-वाट्या यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. कापडी फलक, झेंडूची तोरणे आणि पत्रावळी आम्ही पुरवतो. दिसायलाही त्या बऱ्या.

स्टेजवर काय काय ठेवावे?

थोडे ठेवावे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, परिचयाला उत्तर, स्मृतिचिन्ह, शाल-श्रीफळ आणि नऊ भाषणे हा क्रम सार्वजनिक सभेचा आहे, तो घरच्या सोहळ्यावर लादला की नातवंडे मोबाइल काढतात. आम्ही तीन भाषणांपेक्षा अधिक ठेवू नयेत असे सांगतो, त्यांतले एक मित्राचे असावे आणि राजकीय पाहुणे असल्यास त्यांचे पहिले ठेवावे, कारण त्यांना पुढे जायचे असते.

मानपत्र लिहिताना विशेषणांपेक्षा तपशील द्यावा. ‘कर्तव्यदक्ष, प्रेमळ, निगर्वी’ हे शब्द प्रत्येक मानपत्रात असतात. ‘१९७२ च्या दुष्काळात यांनी घरचे जोंधळे गल्लीत वाटले’ असे एक वाक्य सापडले तर तेच वाचावे. त्यासाठी आम्ही महिनाभर आधी घरी येऊन तास-दोन तास बोलतो आणि जुनी कागदपत्रे पाहतो. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांचे प्राथमिक शिक्षण हा भाग मुंबई राज्यात असताना सुरू झालेले आहे. त्यांच्या पेटीतले शाळेचे दाखले, कन्नड मथळ्याचे नंतरचे सरकारी कागद आणि मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेल्या भावाची पत्रे असे एका टेबलावर मांडले की लोक स्टेज सोडून तिथे गर्दी करतात. मूळ कागद बाहेर न काढता त्यांच्या रंगीत प्रती ठेवाव्यात. चटणीचा हात लागतोच.

औक्षणासाठी ८१ दिवे लावायचे असतील तर पंखे बंद करावे लागतात. कार्यालयातला विजेचा माणूस नेमका त्या वेळी जेवायला गेलेला असतो, म्हणून आमचा एक माणूस बटणांपाशीच उभा असतो. गूळतुला किंवा ग्रंथतुला करायची असल्यास वजनकाट्याचे पारडे जमिनीपासून वीतभरच उंच असावे आणि त्यावर पाठ असलेली खुर्ची बसावी. टांगत्या तराजूत वयस्कर माणसाला चढवणे धोक्याचे आहे, मग फोटो कितीही चांगला येवो. तुलेतला गूळ किंवा पुस्तके कोणाला द्यायची ते उत्सवमूर्तींनी ठरवावे आणि तिथल्या माणसाला त्याच दिवशी बोलावून ती हाती द्यावीत.

ध्वनिक्षेपक, बेंजो, ड्रोन यांना परवानगी लागते का?

ध्वनिक्षेपकाला पोलिसांची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर वाजवता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे. बेंजोवाले ती पहिल्या पाच मिनिटांत ओलांडतात. दारातून स्वागताला हलगी किंवा सनई-चौघडा पुरतो. ड्रोनच्या चित्रणाचा आग्रह धरू नये, कारण सांबऱ्याचा विमानतळ, वायुदलाचे केंद्र आणि कॅम्पातला लष्करी भाग यांमुळे शहराच्या मोठ्या भागात तो मनाला येईल तेव्हा उडवता येत नाही. अर्ज आम्ही करतो. सही यजमानांची लागते.

गोव्याहून पाहुणे येणार आहेत. येताना ‘सोय’ घेऊन येऊ द्यावी का?

येऊ देऊ नये. गोव्यातून परवान्याशिवाय दारू कर्नाटकात आणणे हा गुन्हा आहे आणि चोर्ला घाटाच्या वाटेवर तपासणी होते. पाहुणे स्वतः मात्र पावसाळ्यात त्या घाटाने रात्री निघू नयेत, एवढे त्यांना सांगावे. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना महामार्गाने दोन-अडीच तास पुरतात.

आहेर नको असल्यास कसे कळवावे?

पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ छापले तरी लोक पाकिटे आणतात. दारात नम्रपणे नकार द्यायला घरातली मोठी मुलगी उभी करावी. तिला कोणी आग्रह करत नाही.

खर्चाचा हिशेब कसा असतो?

आम्ही दोन वेगळे आकडे देतो. पहिला माणशी जेवणाचा, तो संख्येवर बदलतो. दुसरा आमच्या कामाचा, तो ठरल्यावर बदलत नाही आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कार्यालय, गुरुजी, फुले आणि वाजंत्री यांचे पैसे आपण थेट द्यावेत, पावत्या आपल्याच नावे घ्याव्यात; मध्ये आमचा वाटा नसतो. तारीख नक्की करताना आमच्या रकमेचा तिसरा हिस्सा, पंधरा दिवस आधी दुसरा आणि सोहळ्यानंतर आठ दिवसांत उरलेला. जेवणाची अंतिम संख्या चार दिवस आधी लागते. त्यानंतर वीस माणसे वाढली तर निभावते. शंभर वाढली तर भात वाढतो, पुरणपोळी वाढत नाही.

घरात अचानक सुतक आले किंवा उत्सवमूर्तीच आजारी पडल्या तर?

या वयाचे सोहळे करताना हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो विचारावा. सुतक, सोयर किंवा आजारपण यांमुळे तारीख पुढे गेली तर आमच्या कामाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही; कार्यालयाचा विसार परत मिळेल की नाही ते त्यांच्या नियमावर अवलंबून असते, म्हणून ती अट नोंदणीपावतीवर लिहून घ्यावी. जिन्नस भरून झालेला असेल तर तो आपल्या घरी पोहोचवतो. सोहळा रद्द झाल्याचे फोन करण्याचे काम घरच्यांवर न टाकता आम्ही करतो, त्यासाठी यादीत दूरध्वनी क्रमांक हवेत. उत्सवमूर्ती रुग्णालयातून नुकत्याच घरी आल्या असतील तर दोनशे माणसांचा कार्यक्रम सोडून घरातच चाळीस माणसांत औक्षण करता येते.

त्या दिवशी घरच्यांनी काय करायचे?

निर्णय घेणारी एकच व्यक्ती ठरवून तिचा क्रमांक आम्हाला द्यावा, आणि ती व्यक्ती शक्यतो मुलगा किंवा मुलगी नसावी, कारण त्यांनी आईवडिलांपाशी बसायचे असते. भाचा किंवा धाकटा दीर चालतो. त्याच्याकडे घराची किल्ली, औषधांची पिशवी, देवघरातली समई आणि गुरुजींच्या दक्षिणेचे पाकीट आदल्या रात्रीच द्यावे. दागिन्यांची पेटी कार्यालयात आणू नये. उत्सवमूर्तींची रोजची काठी मात्र बरोबर घ्यावी. नव्या कपड्यांना शोभत नाही म्हणून ती घरी ठेवली जाते आणि मग मुहूर्ताला दहा मिनिटे उरली असताना आमचा मुलगा ती आणायला अनगोळपर्यंत दुचाकी हाकत जातो.